दोन युरोंचा किट

आमच्या दाजींना कोणी फसवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांना ती गेमची डिस्क विकणारा मुलगा जेमतेम दहा वर्षांचा होता, फुटपाथवर चादर अंथरून बसला होता आणि माल हातात देण्यापूर्वी त्याने स्वच्छ इंग्रजीत सांगितलं होतं, की हा गेम चांगला नाही. डच माणसं तोंडावर बोलतात. त्यात गिऱ्हाईक वगैरे बघत नाहीत. दाजी म्हणाले, "असू दे रे," आणि तीन युरोंचे दोन केले.

हे घडलं २७ एप्रिलला. त्या दिवशी नेदरलँड्सच्या राजाचा वाढदिवस असतो आणि सगळा देश नारिंगी कपडे घालून घरातली अडगळ रस्त्यावर विकायला बसतो. एरवी फुटपाथवर दुकान मांडायला परवाना लागतो, त्या दिवशी लागत नाही. फुटके कप, बिनचाकांच्या बाहुलीगाड्या, आजीने विणलेली टोपडी, सगळं चादरीवर येतं आणि संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कोणाच्या तरी घरची अडगळ होतं. मी तेव्हा ताईकडे आम्स्टलवेनला गेलो होतो. ताईने बजावून पाठवलं होतं, "यांच्याबरोबर जा, पण काही घेऊ देऊ नकोस." मी गेलो. पाट्याएवढी चीज कापायची लाकडी फळी मी रोखली. पुढच्याच चादरीवर 'नाइट रायडर' या जुन्या मालिकेच्या गेमची ती काळी डबी होती, तिच्यावर काळी गाडी, आणि गाडीच्या नाकावर तो लाल दिवा. तिथे माझं काही चाललं नाही.

दाजी तसे अविचारी नाहीत. धुण्याचं मशीन घ्यायचं होतं तेव्हा त्यांनी एक्सेलमध्ये एकोणीस रकाने पाडले होते, आणि तीन महिने आमची ताई हाताने धुणं पिळत होती. पण 'नाइट रायडर' म्हटलं की रकाने बंद. बोटीवर चढताना माणूस चप्पल हातात घेतो तशी दाजी अक्कल हातात घेतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत २६ सप्टेंबर १९८२ला ही मालिका सुरू झाली आणि १९८६पर्यंत चालली. डेव्हिड हॅसलहॉफ हा नायक, पण तो नावापुरता. खरा नायक म्हणजे किट: पाँटिअॅक ट्रान्स अॅम जातीची काळीभोर गाडी, जी बोलते, टोमणे मारते, गोळीला दाद देत नाही आणि मनगटावरच्या घड्याळात हाक मारली की आपल्या पायांनी, म्हणजे चाकांनी, येते. तिला आवाज होता विल्यम डॅनियल्स या नटाचा, आणि त्यानेच सांगितल्यामुळे त्याचं नाव श्रेयनामावलीत घालत नसत. आपल्याकडे ती नव्वदीच्या दशकात केबलच्या वायरीतून घरात आली. शाहरुख खानने आपल्या क्रिकेट संघाला दिलेलं नावही तिथूनच आलं आहे, आणि हे दाजी प्रत्येक आयपीएलला एकदा तरी सांगतात.

दाजी तेव्हा चिंचवडला शाळेत होते. वडिलांची बजाज स्कूटर खाली उभी असायची आणि दाजी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मनगटाला तोंड लावून तिला बोलवायचे. ती आली नाही. ती वडिलांनाही सहजासहजी येत नसे. आधी आडवी करावी लागे, मग चार किका. किट अडचणीच्या जागी दोन चाकांवर तिरका चालायचा, याचं चाळीतल्या मुलांना फार कौतुक. स्कूटर मुळातच दोन चाकांवर होती, पण त्याचं कौतुक कोणाला नव्हतं.

अशी माणसं एकटी नसतात. ही एक जमातच आहे, आणि ती जगभर पसरलेली आहे. इंग्लंडात १९८६ साली याच मालिकेचा गेम कॅसेटवर निघाला होता. टेपरेकॉर्डर लावायचा, किंकाळ्या ऐकत काही मिनिटं बसायचं आणि मग पडद्यावर एक डॅशबोर्ड यायचा. तो घेणारा तिकडचा कोणी दाजीच असणार. अमेरिकेतल्या दाजींनी 'ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' या दुसऱ्या मालिकेचा गेम १९९९ साली घेतला, आणि दुसऱ्या वर्षी त्याचा पुढचा भाग आला तोही घेतला. यावरून पहिल्या भागाने ते काही शिकले नाहीत हे सिद्ध होतं. या जमातीची ओळख सोपी आहे. दुकानात ती डबी उलटी करत नाही. डबीच्या पाठीवर गेमची खरी चित्रं असतात, आणि डबी करणाऱ्यांनाही ते माहीत असतं, म्हणून पुढच्या बाजूवर गाडी मोठी छापतात.

दाजींनीही उलटी केली नाही. घरी आल्यावर लक्षात आलं, की हा गेम प्लेस्टेशन टूवर चालतो आणि आपल्याकडे प्लेस्टेशन टू नाही.

आता हिशेब ऐका. गेम दोन युरो. जुना प्लेस्टेशन, एका गृहस्थांच्या तळघरातून, चाळीस युरो. हल्लीच्या सपाट टीव्हीला तो जोडायचा तर मध्ये एक डबी लागते, ती बारा युरो. आणि खेळलेलं साठवून ठेवायला मेमरी कार्ड, ते आठ. एकूण बासष्ट. ताईला सांगितलेला आकडा मात्र शेवटपर्यंत दोनच राहिला. डिस्कवर चरे होते, ते दाजींनी टूथपेस्ट लावून घासले. कुठे तरी वाचलं होतं म्हणे. त्या रात्री भाच्याच्या ब्रशला पेस्ट उरली नव्हती, आणि डिस्कला मात्र लवंगेचा वास येत होता.

शनिवारी रात्री जेवणं उरकली आणि दाजींनी दिवे मालवले. मी, ताई, चौदा वर्षांचा भाचा, असे सोफ्यावर ओळीने. मालिकेची ती धून सुरू झाली, तो लाल दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला आणि दाजींनी चष्मा काढून पुसला. खरं सांगतो, ते वीस सेकंद माझाही घसा जरा भरून आला. नंतर गेम सुरू झाला.

गाडी बोलली. दाजींनी कान टवकारले. पुन्हा बोलली.

"आवाज जरा बसलाय नाही?" दाजी म्हणाले. "सर्दी झाल्यासारखा वाटतो."

"गाडीला?" ताई म्हणाली.

किटचं सगळं सामान गेममध्ये आहे, हे मात्र कबूल करायला हवं. टर्बो बूस्टचं बटण दाबलं की उडी, दुसरं दाबलं की दोन चाकांवर तिरकं चालणं, तिसरं दाबलं की भिंतीपलीकडचं दिसणं. फक्त ही बटणं दाबायची वेळ आली की हात आणि गाडी यांचं जमत नाही. एका ठिकाणी उडी मारून पलीकडे जायचं होतं. दाजींची उडी पहिल्यांदा अलीकडे पडली, दुसऱ्यांदा पलीकडच्याही पलीकडे. तिसऱ्यांदा बरोबर पडली, पण गाडीचं तोंड आलं होतं त्या दिशेला झालं. चौथ्यांदा किट एका साध्या भिंतीला लागला आणि तिथेच चिकटून थरथरत राहिला. ट्रक आणि क्षेपणास्त्रं अंगावर घेतलेली गाडी ही.

"बाबा, हा गाडी भिंतीत का गेला?" भाच्याने विचारलं. त्याची मराठी जेमतेम आहे, नजर चांगली आहे.

"गेला नाही, गेली. आणि ती गेली नाही. ती स्कॅन करत्येय."

अकरा वेळा सुरुवातीपासून. अकराव्या वेळी ती उडी साधली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि मेमरी कार्डाने सांगितलं, की मी काही साठवून ठेवलेलं नाही. ताई उठून झोपायला गेली. भाचा आधीच गेला होता. "तसा वाईट नाही," दाजी अंधारात म्हणाले. या जमातीचं हे ब्रीदवाक्य आहे. वाईट नाही, असंही ते म्हणत नाहीत; 'तसा' लावतात. त्या 'तशा'मध्ये बासष्ट युरो, चिंचवडची गॅलरी आणि न आलेली स्कूटर हे सगळं बसवलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दाजींनी शोध लावला. (विकत घेतल्यावर चौकशी करायची, हेही याच जमातीचं लक्षण.) तो गेम २००२ साली निघाला होता, आणि अमेरिकेत नाही, जपानमध्ये नाही, तर घरापासून तासाभराच्या आत, उट्रेख्टजवळच्या हाउटन गावात. ज्या कंपनीने तो केला तिचं नाव मी घेत नाही. तिचा मूळ धंदा जमाखर्चाच्या सॉफ्टवेअरचा होता. म्हणजे हॉलंडातले छोटे दुकानदार ज्यात नावे-जमा लिहायचे, त्याच घरातून किट बाहेर पडला. या मंडळींनी १९९७मध्ये हॉलंडच्या ए-टू हायवेवर शर्यतीचा गेम काढला होता. तो खपला. मग तीच गंमत जर्मनांसाठी जर्मन हायवेच्या नावाने, इंग्रजांसाठी लंडनच्या, फ्रेंचांसाठी पॅरिस-मार्सेच्या. पिठलं एकच, गावागणिक ताट वेगळं. पुढे त्यांनी 'मायामी व्हाइस' या मालिकेलाही हात घातला. गेमचा विभाग २००५मध्ये बंद झाला, जमाखर्चाचा चालू राहिला. हिशेबी माणसांचा निर्णय आहे, तो चुकणार कसा?

माझं मत विचाराल तर चूक हिशेबात नव्हतीच. जुन्या मालिकेचं नाव, धून, गाडीचा चेहरा, हे सगळं वापरायला पैसे मोजावे लागतात. ते मोजून झाले की गाडी भिंतीत घुसू नये यासाठी लागणारी माणसं आणि महिने यांना फारसं काही उरत नाही. आणि दाजी डबी उलटी करत नाहीत हे माहीत असताना ते महिने खर्च तरी कोण करील?

रविवारी आम्ही हाउटन बघायला गेलो. दाजींनी प्रस्ताव 'फुलं बघायला' असा मांडला होता. गेलो तो ए-टूवरूनच. हॉलंडात २०२०पासून बहुतेक हायवेवर दिवसा ताशी १००ची मर्यादा आहे, आणि दाजींनी काटा ९८वर धरला होता. त्यांची स्वतःची गाडी राखाडी रंगाची, विजेवर चालणारी. ती पट्टा सोडला की चाक हलवून सांगते, पुढे कोणी आलं की स्वतः ब्रेक मारते, पार्किंगमध्ये आपली आपण शिरते. ती बोलायचीही. काटा १०१वर गेला की एक बाई डचमध्ये काहीतरी सांगायची. दाजींनी पहिल्या आठवड्यातच सेटिंगमध्ये जाऊन तिचा आवाज बंद केला. "कटकट करते," म्हणाले.

हाउटन हे सायकलींसाठी वसवलेलं गाव निघालं. सायकलवाल्याने सरळ गावातून जायचं आणि मोटारवाल्याने, शेजारच्या आळीत जायचं असलं तरी, गावाबाहेरच्या रिंगरोडला वळसा घालून यायचं, अशी तिथली रचना आहे. आम्ही तो रिंगरोड दोनदा फिरलो. सायकलवर पुढे-मागे दोन पोरं बसवलेली एक बाई आम्हाला तीन वेळा दिसली; तिसऱ्यांदा तिने हात केला. कंपनी कुठे होती ते सापडलं नाही. दाजींनी एका चौकात गाडीचा फोटो काढला, लाल दिवा नसलेल्या नाकाकडून.

मी परत आलो त्याला आता वर्ष होत आलं. काल रात्री दाजींचा फोन होता. पहिला भाग अजून त्या उडीपाशीच आहे. पण २००४मध्ये निघालेला दुसरा भाग त्यांना मिळाला, डबी एकदम नव्यासारखी, आणि फक्त चार युरोंना. मागच्या बाजूला काय छापलंय, असं मी विचारलं, तर म्हणाले, बघतो नंतर.

तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर प्लेस्टेशन टूचं चालू स्थितीतलं मेमरी कार्ड पडून असेल, तर कृपया कळवावं. पोस्टाचा खर्च दाजी देतील. ताईला सांगू नये.