सागरदर्शनाची सुधारित पद्धत

सागरगड हा अलिबागजवळचा सुमारे 400 मीटर उंचीचा डोंगरी किल्ला. खंडाळे गावातून निघालेली वाट धोंडाणे धबधबा आणि सिद्धेश्वराचे देऊळ मागे टाकत माथ्यावर पोहोचते. हवा स्वच्छ असेल तर तेथून कुलाबा, खांदेरी, उंदेरी आणि अरबी समुद्र दिसतो. ही त्रुटी ओळखून जाणकार पर्यटक भर जुलैत चढतात. समुद्र तेव्हा धुक्यात असतो आणि पर्यटक त्याच्याकडे पाठ करून सेल्फीत. कोणाचीच गैरसोय होत नाही.

या पद्धतीचा खरा लाभ विदर्भाला. सागरदर्शनाला सागर लागत नाही हे एकदा सिद्ध झाल्यावर यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावकरांनी राज्य आडवे ओलांडण्याचे कारणच उरत नाही. उभा चढही जागेवर मिळतो: हंगामात जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लागतात. पाय रुततो, धाप लागते, चहूकडे पांढरेच पांढरे. फोटोत फरक ओळखू येणार नाही. शिवाय तेथे भरती-ओहोटीही आहे, भावाची. शेतकऱ्याच्या घरात माल असेपर्यंत ओहोटी, तो विकून मोकळा झाला की भरती. वेळा पाळण्यात अरबी समुद्रही इतका काटेकोर नाही.