थुंकायचं कशाला?

रानशेतला वाइन चाखायला या, असा मेहुण्यांचा निरोप आला तेव्हा आत्याने विचारलं, "आणि जेवायला काय?" प्रश्न रास्त होता. डहाणूहून चारोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. इथे पाहुण्याला चहा, चिकू आणि फारच जवळचा असेल तर ताडी मिळते. नुसतं चाखायला कुणी कुणाला बोलावत नाही.

पण मेहुण्यांच्या डोक्यात चिकूची वाइन शिरली होती. बोर्डीच्या हिल झिलने चिकूची फसफसती वाइन बाजारात आणल्यापासून तालुक्यातल्या अनेक बागायतदारांना झाडावर फळांऐवजी बाटल्या लटकलेल्या दिसतात. त्यातून घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२१ मध्ये तो इंग्लंडलाही जाऊन आला. जाऊन आला म्हणजे तिथेच राहिला, पण मेहुणे तसंच सांगतात. तेव्हा नाशिकहून एक वाइन बनवणारे गृहस्थ सल्ल्यासाठी बोलावले गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या पाच बाटल्या आल्या.

मेहुणे निवृत्त तलाठी. बाटलीआधी कागद. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो, हे निम्म्या पिणाऱ्यांना ठाऊक नसतं. एका दिवसाचा पाच रुपयांना मिळतो. आरोग्याचं जतन व्हावं म्हणून ही परवानगी, असा त्यातला आशय. आत्याने तो चष्मा लावून नीट वाचला आणि म्हणाली, "सरकारच सांगतंय तर मला अर्धा पेला जास्त दे."

आमच्या भागाला तसं दोन्ही टोकांचं वळण आहे. तलासरी ओलांडून आच्छाडचा नाका मागे टाकला की गुजरात, तिथे राज्य झालं तेव्हापासून दारूबंदी. आणखी थोडं पुढे गेलं की दमण, तिथे इतर कशाचंही दुकान शोधावं लागतं. मध्ये आपण. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला मंजुरी दिली, अण्णा हजारे उपोषणाला निघाले, आणि वाइन काही साबणाशेजारी येऊन बसली नाही. त्या दिवसांत आत्या मात्र वाण्याकडे रोज चौकशी करून यायची.

तर अंगणात टेबल, टेबलावर पांढरा कागद, कागदावर लांब दांड्यांचे पेले. गृहस्थांनी बोटभर वाइन ओतली, पेला तिरका धरला, रंग पाहिला, गरगर फिरवला आणि नाक आत घातलं. "घ्या, काय वास येतोय?" आम्ही सगळ्यांनी नाकं आत घातली. मला वाइनचा वास आला. पण तसं म्हणण्याची सोय नसते. मेहुणे डोळे मिटून म्हणाले, "हिरवी मिरची." गृहस्थ खुर्चीतून उठलेच. "वा! सोव्हिन्याँ ब्लाँची हीच खूण! तुमचं नाक तयार आहे." त्या वेळी आत स्वयंपाकघरात वहिनी ठेचा कुटत होत्या, हे सांगून मी मेहुण्यांचं सुख मोडलं नाही.

पुढे लाल वाइन आली. तिच्यात गृहस्थांना ओली माती, तंबाखूचं पान आणि जुनं चामडं सापडलं. आत्या म्हणाली, "हे सगळं आमच्या माळ्यावर आहे. त्याला कधी कुणी पैसे दिले नाहीत."

गृहस्थ मोकळे हसले. माणूस चांगला होता. त्यांनीच मग बोर्दोच्या फ्रेडरिक ब्रोशेची गोष्ट सांगितली. त्याने ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन लाल रंग घालून ठेवली आणि पोरांनी लाल वाइनचीच सारी विशेषणं तिला वाहिली. म्हणजे जीभ डोळ्यांच्या हाताखाली नोकरी करते. मेहुण्यांना ही गोष्ट अजिबात आवडली नाही. नुकतंच नाक तयार झालं होतं त्यांचं.

खरा घोटाळा पुढे झाला. गृहस्थांनी घोट घेतला, तोंडात खळबळवला आणि शेजारच्या बादलीत थुंकला. अंगण गप्प. वहिनी ठेच्याची वाटी घेऊन दारातच थांबल्या. दिवसाला पन्नास-पन्नास वाइन चाखायच्या तर गिळून कसं चालेल, हा त्यांचा खुलासा बिनतोड होता. पण आमच्याकडे पाहुण्याने पानातलं टाकलं तरी चार दिवस चर्चा होते. इथे तर स्वतःचीच वाइन स्वतःच थुंकणारा माणूस. "स्वतःलाच आवडली नाही," असा निकाल आत्याने हळू आवाजात, म्हणजे फाटकापर्यंत ऐकू जाईल असा दिला.

चिकूबद्दलचं त्यांचं मत मात्र ऐकण्यासारखं होतं. गोडी भरपूर, म्हणून मद्यार्क होईल. पण आंबटपणा जवळजवळ नाही, म्हणून चव आडवी पडेल. कच्चं फळ घेतलंत तर चीक आणि तुरटपणा, जास्त पिकलेलं घेतलंत तर बागेतच दुसऱ्या कुणीतरी काम सुरू केलेलं. "आंबट काहीतरी लागेल," असं ते म्हणताच आत्याने कोकम सुचवलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मेहुण्यांचं मिरचीचं मत लिहिलं नव्हतं.

इतक्यात बागेत काम करणारे वारली काका संध्याकाळची ताडी उतरवून आले. गृहस्थांनी स्टीलच्या पेल्यात घेतली, सवयीने गरगर फिरवली. काकांनी पेल्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. ताडी सकाळी गोड, उन्हं चढतील तशी चढती, शिळी झाली की आंबट. कोणत्या झाडाची, किती वाजताची, एवढं काका वासावरून सांगतात आणि त्यासाठी त्यांना पांढरा कागद लागत नाही. गृहस्थांनी घोट घेतला. सगळ्यांचे डोळे बादलीकडे.

गिळला. आणखी एक गिळला. मग वही काढून विचारलं, "काका, यीस्ट कुठलं वापरता? आम्ही पाकिटातलं परदेशी आणतो."

काकांना प्रश्न समजायला वेळ लागला. मग म्हणाले, "काही घालत नाही साहेब. मडकं घासायचं नाही फक्त. कालचं मडकं आजचं काम करतं."

गृहस्थ बराच वेळ मडक्याच्या काठावरचा थर न्याहाळत राहिले. शेवटी त्यांनी बेत सांगितला: हे मडकं नाशिकला न्यावं, तपासून घ्यावं, काकांना नवीन दोन मडकी घेऊन द्यावीत.

"नवीन मडक्याला तीन दिवस काही येत नाही," काका मडकं काखेत घेत म्हणाले. "साहेबांनी त्यांची बादली ठेवून जावी. ती पण घासलेली दिसत नाही."