आधी लंका, मग जन्म

माझ्या फोनमधली गाणी लग्नाच्या पंगतीसारखी बसली आहेत. किशोरीताईंच्या मांडीला मांडी लावून दादा कोंडके, कुमारजींच्या शेजारी 'ॲबा'. वाढपी मात्र शफल. तो कोणाच्या पानात काय वाढेल, सांगता येत नाही.

सगळ्यात हाल रामाचे. गीतरामायण 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं आणि वर्षभर दर आठवड्याला एक गाणं असं ओळीनं चाललं. अधिक महिना आला म्हणून 52 ऐवजी 56 गाणी झाली. एवढी शिस्त! आमच्याकडे हनुमान लंका पेटवतो आणि लगेच रामजन्म होतो. "अरे, लंकेची राख झाली आणि आता पाळणा? सुंठवडा करू की नको?" आई स्वयंपाकघरातून विचारते. मी सांगतो, गदिमांनीही सुरुवात शेवटाकडूनच केलीय. पहिल्याच गाण्यात लव-कुश रामासमोर गायला उभे आहेत. आईला हे पटत नाही. गदिमांनी केलं तर ती प्रतिभा, फोननं केलं तर तो चावटपणा.

रागांच्या वेळा पाळणं शफलच्या गावीही नाही. सकाळी दूध उतू जात असताना मालकंस लागतो. भैरवी तर दुसऱ्याच नंबरला. भैरवी झाली की मैफल संपली, हे बाबांच्या हाडात इतकं मुरलंय की ते उठून चपला शोधू लागतात. स्वतःच्याच घरात.

बायकोचा आरोप वेगळा आहे : फोनकडे बाबूजींचा वशिला चालतो, सारखे तेच येतात. आता 56 गाणी एकट्या फडक्यांच्या आवाजात भरून ठेवल्यावर दुसरं काय होणार? पण हा संशय जागतिक आहे. आयपॉडवर एकच गायक लागोपाठ आला की लोक चिडायचे, यात काहीतरी काळंबेरं आहे म्हणायचे. चिठ्ठ्या खरोखर न बघता उचलल्या तर असे घोळके होतातच, पण ते ऐकतो कोण! शेवटी 2005 मध्ये ॲपलनं शफलचा स्वैरपणा कमी करायची सोय दिली, का तर तो जास्त स्वैर वाटावा म्हणून. माझा मात्र या सगळ्या गणितावर विश्वास नाही. विहीणबाईंनी चहाचा कप ओठांना लावला की नेमकी सुलोचना चव्हाणांची लावणी लागते, हा योगायोग असूच शकत नाही.

गणपतीत तर कहर झाला. आरत्या झाल्या, अथर्वशीर्ष लावलं, सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे. फलश्रुती संपली आणि पुढच्याच क्षणी 'सैराट'मधलं 'झिंगाट' सुरू झालं. फोन देवाच्या मागे चार्जिंगला, मध्ये समया, तिथवर पोचणार कोण? शेजारच्या काकूंनी डोळे उघडले नाहीत, हातही सोडले नाहीत. फक्त त्यांचे खांदे हलू लागले. मग काकांचेही. प्रसाद अख्खं गाणं संपल्यावर वाटला.