चहाडीची दस्तुरी

युरोपात स्वतः मोटार हाकून परतलेल्या मंडळींच्या क्रेडिट कार्डावर काही महिन्यांनी जी एक अनोळखी रक्कम खर्ची पडते, ती दंडाची नसते. दंड व्हावा म्हणून त्यांचे नाव-गाव तिकडच्या पोलिसांना कळविण्याची जी तसदी मोटार भाड्याने देणाऱ्या पेढीने घेतली, तिचा तो मेहनताना असतो. दंड अद्याप यावयाचाच असतो. आरोपीने आपल्याविरुद्धच्या साक्षीदाराला भत्ता द्यावा, तोही निकालापूर्वी आणि पावतीसह द्यावा, ही कल्पना आमच्या मुलखातील एकाही कारकुनाला वा दलालाला आजवर सुचली नाही, याबद्दल त्या वर्गाविषयीचा आमचा आदर दुणावला आहे.

हा मेहनताना भरणारे गृहस्थ वाचकांच्या परिचयाचे आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांची फाउंड्री आहे. गाडीच्या पाटीवर ४१४१ हे आकडे अशा कौशल्याने रंगविले आहेत की दुरून 'दादा' असेच वाचले जावे. आणि सहलकंपनीच्या मार्गदर्शकामागे रांगेत चालणे त्यांच्या स्वाभिमानाला परवडत नाही. सबब ते परिवहन कार्यालयातून वर्षाच्या मुदतीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढतात, रोमच्या विमानतळावर मोटार ताब्यात घेतात, आणि एरवी गुंठाभर जमिनीचे खरेदीखत दोन वकिलांच्या नजरेखालून गेल्याविना सही न करणारे हे गृहस्थ बारीक टायपातील कलमांच्या चवडीवर, एकाही पानाची रुजुवात न करता, सही ठोकून मोकळे होतात. चहाडीचे कलम त्याच चवडीत असते.

पुढचा प्रवास मोठा शिस्तीचा होतो. कोल्हापुरातून टोल हद्दपार होईपर्यंत ज्यांनी नाक्यासमोर बैठक मारली, तेच गृहस्थ रोमहून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या महामार्गावर यंत्राने पुढे केलेले तिकीट नम्रपणे घेतात, उतरताना कार्ड लावून तितक्याच नम्रपणे पैसे भरतात, आणि यंत्राने बाईच्या आवाजात निरोप दिला असता त्या यंत्राला 'थँक्यू' म्हणतात. गिअर बदलावयास निघालेला डावा हात मध्येच दाराच्या मुठीवर आपटतो, एवढीच काय ती स्वदेशाची आठवण.

फ्लॉरेन्सला जाण्याचा हेतू मात्र निखालस पवित्र असतो. इंग्लंडचा प्रवास आटोपून परतताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी, अवघ्या विशीत, याच शहरी निवर्तले. तेव्हा ते शहर इटलीच्या राज्याची राजधानी होते. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर अग्निसंस्कार झाला. पुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचा आराखडा करणाऱ्या मँट यांनी तेथे छत्री उभारली, ती १८७४ साली. आणि १९७८ साली खुल्या झालेल्या जवळच्या पुलालाही त्या शहराने या 'इंदियानो'चेच, म्हणजे या हिंदी पाहुण्याचेच, नाव दिले. कोल्हापूरकराने तेथे जाऊन माथा टेकावा यात उपहासाला जागा नाही. उपहासाला जागा आहे ती पुढे. हे समाधिस्थान शहराच्या पश्चिम टोकाला, जुन्या गावाच्या वाहनप्रतिबंधित क्षेत्रापासून पुष्कळ दूर आहे. महाराजांच्या दर्शनाला एकही कॅमेरा आडवा येत नव्हता. महामार्गालगतच्या तळावर मोटार ठेवून ट्रामने गावात जाण्याचीही सोय आहे. पण गृहस्थांना हॉटेल हवे ते कॅथीड्रलच्या दारात, आणि हॉटेलच्या दारात हवी मोटार. ट्रामने फिरावयाचे तर परवाना काढला कशाला?

त्या क्षेत्राच्या तोंडाशी अडसर नसतो, शिट्टी नसते, हात आडवा करणारा शिपाई नसतो. एक पाटी असते आणि एक कॅमेरा. हॉटेलवाल्याला गाडीचा क्रमांक आगाऊ कळवला तर तो परवानगीची तजवीज करू शकतो. पण जेथे प्रत्यक्ष कोणी अडवीत नाही तेथे मनाई नाही, हे ज्यांचे धर्मशास्त्र, ते कशाला कळवतील? गृहस्थ आत शिरले, वाट चुकून बाहेर पडले, पुन्हा शिरले, आणि अंबाबाईला प्रदक्षिणा घालावी त्या श्रद्धेने त्यांनी वाहनतळ शोधीत त्या गल्ल्यांना फेऱ्या घातल्या. तेथील तेव्हाच्या कायद्याने प्रत्येक प्रवेश हा स्वतंत्र गुन्हा; प्रत्येक गुन्ह्याची पोलिसांकडून पेढीकडे स्वतंत्र विचारणा; आणि प्रत्येक उत्तराची दस्तुरी स्वतंत्र. नाव तेच, गाव तेच, चहाडी तीच. आकारणी मात्र दर खेपेस नवी!

चहाडी आमच्याकडे अनादिकालापासून फुकट आहे. तालमीच्या कट्ट्यावर, रंकाळ्याच्या काठावर, मिसळीच्या बाकावर ती निष्काम वृत्तीने, केवळ लोकसेवा म्हणून केली जाते, आणि या उद्योगाचे केवढे उत्पन्न आपण आजवर पंचगंगेत सोडले याचा विचार करून मन विषण्ण होते. पानपट्टीवाला पोराच्या सिगारेटची वार्ता बापाच्या कानी घालतो, तर त्याने दुसऱ्या दिवशी पोराच्या हाती चिठ्ठी द्यावी, 'तीर्थरूपांस कळविल्याबद्दल, अधिक कर'. शेजाऱ्याने चोरून चढविलेला मजला महापालिकेला कळविणाऱ्याने त्याच शेजाऱ्याकडून अर्जाचा खर्च, रिक्षाभाडे आणि मनस्ताप वसूल करावा. बांध कोरल्याची खबर तलाठ्याला देणाऱ्या भाऊबंदाने तासागणिक हिशेब मांडावा. आणि सोयरिकीच्या चौकशीला आलेल्या पाहुण्यांना मुलाचे गुण ऐकविणाऱ्या सज्जनाने वरपित्याकडे बिल धाडावे, त्यात व्यसनागणिक स्वतंत्र आकारणी असावी, आणि सोयरीक मोडली नाही तरी रक्कम परत मिळणार नाही असे तळाशी बारीक टायपात छापावे. कारण पेढीचेही तसेच आहे, दंड अपिलात रद्द झाला तरी चहाडी झालेलीच असते आणि तिचे पैसे पचलेले असतात.

ज्या मुलखात फितुराला कड्यावरून लोटीत, तेथील हा वारस फितुराला दस्तुरी देतो आणि पावती फायलीला लावतो! बिंदू चौकातील वाहनतळाच्या पोराशी दहा रुपयांसाठी हमरीतुमरीवर येणारा हा वाघ पेढीला एक अक्षर लिहीत नाही, कारण तेथे इंग्रजीत लिहावे लागते आणि कार्डाचा क्रमांक तिच्या मुठीत असतो. आमच्या कचेरीच्या दारातील दलाल नियम वाकवितो, पैसे खातो, त्याला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या आहेत व पुढेही घालू. पण ज्याचे पैसे खातो त्याच्या बाजूने तो बोलतो, एवढी लाज त्याला आहे. गिऱ्हाइकाचे भाडे घ्यायचे, गिऱ्हाइकाला पकडून द्यायचे आणि पकडून दिल्याची मजुरी गिऱ्हाइकाकडूनच उकळायची, याला ज्या देशात सेवाशुल्क म्हणतात त्या देशाच्या स्वच्छ रस्त्यांचे कौतुक आम्हांला यापुढे कोणी ऐकवू नये!

यथावकाश खरा दंड टपालाने येऊन पोहोचला. पाच दिवसांत भरल्यास तीस टक्के सूट, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. गृहस्थांनी ते पाच दिवस इटलीत कोणाची ओळख निघते काय हे पाहण्यात, आणि तेथे लोकअदालत कधी भरते याची वकिलाकडे चौकशी करण्यात घालविले. घरच्या ई-चलनांची चळत त्यांनी तडजोडीच्या आशेवर अशीच साठवून ठेवली आहे. सहाव्या दिवशी पूर्ण रक्कम भरली.

तथापि प्रवासाने मनुष्य शहाणा होतो हे खोटे नव्हे. गृहस्थांनी पुतण्याच्या नावे भाड्याच्या मोटारींचा धंदा काढला आहे. करारनाम्याचा मसुदा इटलीच्या पेढीवरून अक्षरशः उतरविला असून, चलन आल्यास गिऱ्हाइकाचे नाव पोलिसांना कळविण्याची दस्तुरी पाचशे रुपये ठेवली आहे. कर निराळा.