द्यायलो राजीनामा!

चहात साखर कमी पडली की अण्णा राजीनामा देतात. पंखा बंद पडला, मशीनवर अंगठा उमटला नाही, साहेबांनी सही न करताच फाईल परत पाठवली, तरी देतात. "बास झालं. द्यायलो राजीनामा!" खुर्ची मागं सरकते, हात शर्टाच्या खिशात जातो आणि आधार कार्डाच्या प्लास्टिक पाकिटातून चार घड्यांचा तो कागद बाहेर येतो. मग पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी विचारतं, "अण्णा, जेवलाव का?" कागद आत जातो, डबा बाहेर येतो.

तुमच्या कार्यालयातही हे गृहस्थ असणारच. आमचे धाराशिव जिल्ह्यातल्या एका महसुली कार्यालयात अव्वल कारकून आहेत, एवढाच फरक.

लिहून तयार असलेला राजीनामा दिला का जात नाही, याची कारणं अण्णांकडे बारमाही असतात. नवरात्राच्या आधी तुळजाभवानी घोरनिद्रेत असते. दसरा झाला की पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. पौषात मोहनिद्रा. "देवी निजलेली असताना असले निर्णय घेत नसतेत, लेका." देवी उठेपर्यंत दिवाळी येते, नाहीतर मार्चअखेर. निवडणूक लागली की "आचारसंहितेत राजीनामा चालत नाही." हा नियम अण्णांनी स्वतःच केलेला आहे.

2023 साली तर जिल्ह्याचंच नाव बदललं. शिक्के बदलले, पाट्या बदलल्या, अण्णांच्या कागदावर मात्र अजून 'उस्मानाबाद'. आम्ही सुचवलं, तेवढं खोडून वर 'धाराशिव' लिहा आणि बाजूला सही करा. "खाडाखोडीचा राजीनामा? उद्या ऑडिटला काय सांगू?" अण्णांनी सगळा मजकूर नव्या कागदावर उतरवला, तोही अशा देखण्या अक्षरात की लग्नपत्रिका वाटावी. पुढं मे 2024 मध्ये लोकसभेची ड्यूटी लागली. ऑर्डर हातात पडली, तर मतदारसंघाचं नाव उस्मानाबादच. अण्णा खचले. "नेमकं कुठनं जायलोय तेच ठरंना की रं."

खरी गोम निवृत्तिवेतन नियम, 1982 मध्ये आहे. ते त्यांना तोंडपाठ आहेत. नियम 46 : राजीनामा दिला की मागची सेवा बुडाली आणि तिच्याबरोबर पेन्शनही. नियम 66 : वीस वर्षं सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस द्या आणि पेन्शन घेऊन मानानं घरी जा. अण्णांची वीस वर्षं केव्हाच उलटली. मग 66 खाली का जात नाही? अण्णा दुखावल्यासारखे बघतात. "त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतेत. त्यात राग कुठं दिसतो?"

इथवर करमणूक. जाच पुढं आहे. जाणारा माणूस नवीन काही शिकत नसतो. ई-ऑफिस आलं. "मी तर जायलोच, तू शिकून घे." ऑनलाइन फेरफार आले. "तू शिकून घे." माहिती अधिकाराचे अर्ज, कोर्टाच्या तारखा, विधानसभेचे तारांकित प्रश्न, सगळं मी शिकून घेतलं. माझ्या टेबलावर माझ्या फायली कमी आणि त्यांच्याच जास्त. संध्याकाळी दिवे लावून मी स्क्रीनपुढं बसलेला असताना अण्णा पिशवी उचलता उचलता आल्यागेल्याला सांगतात, "पोरगं हुशार हाय. हितं कशाला कुजायलंय कुणास ठाऊक."

शेवटी मीच राजीनामा लिहिला. खरा, द्यायचा म्हणून. पुण्यात एका मित्रानं शब्द टाकला होता. या विषयातले जाणकार म्हणून आधी अण्णांना दाखवला.

पेनचं टोपण दातात धरून त्यांनी दोनदा वाचला. "मजकूर बरा हाय. 'वैयक्तिक' पहिली करतेत, तू दुसरी केलीस. तसा तुझा प्रश्न सोपा हाय. तू नोव्हेंबर 2005 नंतरचा, जुनी पेन्शन तुला न्हाईच. 46 खाली बुडायला हाय काय तुझ्याकडं? दे बिनधास्त." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "पण माझा चार्ज कुणाकडं द्यायलास?"

तेवढ्यात 2025 चा सप्टेंबर आला. परंडा-भूमकडं नद्या शिवारात शिरल्या, लोकांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. हाताशी आलेलं सोयाबीन गेलं, कुठं कुठं तर शेतातली मातीच गेली. पंचनामे झाले आणि मदतीच्या याद्यांसाठी आमच्या दारात रांग लागली. एका म्हातारीचं नाव सातबाऱ्यावर एक, पासबुकात दुसरं आणि आधारवर तिसरंच. संगणक तिला घेईना, मला उपाय सापडेना. अण्णा उठले, रेकॉर्डरूममधून जुनी फेरफार नोंदवही काढून आणली, धूळ झटकली आणि तिचा नवरा कधी वारला, वारसनोंद कधी लागली, हे तिलाच वाचून दाखवलं. ती मान डोलवत राहिली. खातेक्रमांक उतरवायला कागद हवा होता. अण्णांनी खिशातला काढला, उलटा केला आणि त्यावर म्हातारीचा नंबर लिहून घेतला. पुढच्या माणसाचाही तिथंच. त्या दिवसांत कार्यालयातली साखर संपली होती. बिनसाखरेच्या चहाबद्दल अण्णांनी चकार शब्द काढला नाही.

मला हे आवडलं नाही. रागवायला सोयीचा असलेला माणूस असा मध्येच चांगला वागायला लागला की पंचाईत होते.

त्याच सुमाराला आमच्याकडचे दोघं गेले. राजीनाम्याची भाषा त्यांच्या तोंडी कधीच नव्हती. वर बोलणी केली, कुंथलगिरीचे पेढे वाटले आणि पुण्याच्या बदलीवर गेले. नीती आयोगानं 2018 साली आपला जिल्हा आकांक्षित ठरवला, तेव्हापासून इथं येणारा प्रत्येक साहेब ती आकांक्षा मनापासून बाळगून असतो. अण्णांनी उभ्या नोकरीत बदलीचा एकही अर्ज केलेला नाही.

माझा राजीनामा ड्रॉवरमध्ये आहे. 'वैयक्तिक'ची वेलांटी तेवढी राहिलीय. परवा नव्यानं रुजू झालेल्या मुलीनं विचारलं, "दादा, तुम्ही पुण्याला चाललाव म्हणं?"

"जायलोच की," मी म्हणालो, "तवर हे पंचनाम्याचं पोर्टल तू शिकून घे."