भगीरथ आला, महादेव राहिला

आदिलाबादला खेटून असलेल्या आमच्या मावल्यात तलाव आहे, हरितवन आहे, चव्वेचाळीस नंबरचा हायवे आहे. तरी पहाटेचा सगळ्यात मोठा आवाज आमच्या न्हाणीघरातला. नळ उघडताना गुपचूप असतो. बंद केला की भिंतीच्या पोटातून ‘ठाण्ण!’ शेजारचे मामा सुरुवातीला “कोण आहे?” म्हणत दार उघडायचे. हल्ली ते त्या आवाजावर घड्याळ लावतात. आईचं निदान एकच: “वास्तुशांत घाईत उरकली.”

शेवटी प्लंबर आला. त्याने भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, “अन्ना, पाइप में गालि उंदि, क्लॅम्पबी ढिल्ला झालाय.” पाइपात हवा आणि ढिला क्लॅम्प: एका वाक्यात दोन रोग आणि तीन भाषा. पण खरा गुन्हेगार तिसराच निघाला: मी हौसेने बसवलेला नवा नळ. जुना पितळी नळ पिळून पिळून बंद व्हायचा, तोवर पाणी शांत होई. नव्याची दांडी एका झटक्यात आडवी होते आणि धावतं पाणी जागच्या जागी आपटतं.

या आपटण्याचं गणित रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ साली मांडलं. लोखंडी नळात सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेलं पाणी अचानक अडवलं, तर शंभर मीटर उंच टाकीखाली असावा तेवढा दाब क्षणभर उसळतो. प्लास्टिकच्या नळात तो बराच कमी. आमची टाकी गच्चीवर, पाइप जुने लोखंडी. म्हणजे तोंड धुऊन होताच मी रोज एक मनोरा पाडत होतो.

त्याआधी १७९६ मध्ये गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या माँगोल्फिये बंधूंपैकी जोसेफने याच दणक्याच्या जोरावर मोटारीविना पाणी वर चढवणारा पंप केला होता. “आपणही करू या का?” मी उत्साहाने विचारलं. “आधी माझी झोप खाली उतरू द्या,” बायको म्हणाली.

उपाय आईच्या पुराणात सापडला. तेलंगणात २०१६ पासून घरोघरी नळाने पाणी देणारी मिशन भगीरथ योजना आहे. नळाला नावच भगीरथाचं. आई म्हणाली, “अरे, भगीरथानं गंगा आणली, पण तिचा वेग झेलायला महादेवाच्या जटा लागल्या. तुझ्या घरात भगीरथ आला, महादेव कुठंय?”

“तेच बसवतो, आजी,” प्लंबर म्हणाला. त्याने क्लॅम्प आवळले, पाइप आणि भिंतीमध्ये रबर घातलं, आणि नळाजवळ हातभर उभी नळी जोडून तिचं तोंड टोपणाने बंद केलं. आत कोंडलेली हवा दबते आणि पाण्याचा धक्का पोटात घेते. ‘ठाण्ण’चं ‘टुक’ झालं. मामांनी आता गजराचं घड्याळ आणलंय.

जाताना प्लंबरने पथ्य सांगितलं: ती हवा हळूहळू पाण्यात विरते, नळीत पाणी चढतं आणि दणके पुन्हा सुरू होतात. म्हणून अधूनमधून टाकीचा कॉक बंद करून, टोपण काढून, नळी रिकामी करायची.

आईने हे खातं स्वतःकडे घेतलंय, वार सोमवार. जगभर महादेवावर पाणी घालतात. आमच्या महादेवातलं काढावं लागतं, नाहीतर तो तांडव करतो.