सारोळ्याची आजी आणि विंचेल्सीची कबर

अहो वहिनी, या की जरा भिंतीपाशी. कपडे काय, घालाल मग वाळत, नगरचं ऊन कुठं पळून चाललंय का? काल रात्री ग्रुपवर तुम्ही तो व्हिडिओ टाकलात ना, जपानी बाई कागदाचे मोर करते तो, मी दोनदा बघितला. छानच होता. पण एक बोलू? राग नका मानू. तुम्हाला पार जपानातलं सापडतं आणि सारोळ्यातलं सापडत नाही.

सारोळा कासार हो! अकोळनेरच्या पलीकडचं. तिथल्या सुमन धामणे. यूट्यूबवर ‘आपली आजी’ म्हणून त्यांचं चॅनेल आहे. नाही माहीत? कमाल झाली बाई. दिल्ली-मुंबईच्या पेपरात छापून आलं आणि आपल्या केडगावात पत्ता नाही.

तर झालं असं. 2020 च्या सुरुवातीची गोष्ट. नातू म्हणाला, आजी, पावभाजी कर, आणि मोबाइलवर कुणाची तरी रेसिपी दाखवली. आजीनं बघितली आणि म्हणाली, याच्यापेक्षा चांगली मी करते. केली, घरच्यांना आवडली, आणि अकरावीतल्या त्या पोराच्या डोक्यात आलं की आजीचाच व्हिडिओ काढावा. सत्तरीची बाई, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, यूट्यूब कशाशी खातात ते ठाऊक नाही. आणि वहिनी, पहिला मोठा दणका कशानं दिला असेल? कारल्यानं! कारल्याची भाजी लाखो लोकांनी बघितली. आमच्याकडे कारलं केलं की पोरं “मित्राकडे जेवून आलो” म्हणतात, आणि इकडे अख्खा महाराष्ट्र कारलं बघत बसलाय. मग शेंगदाण्याची चटणी काय, पालेभाज्या काय, वर्षाच्या आत लाखांनी माणसं जोडली गेली. मसाला घरचा, बोलणंही घरचं. ऑक्टोबरात कुणीतरी चॅनेलच हॅक केलं. काही दिवसांनी मिळालं परत, पण बघा ना, कढईतली भाजी कुणी पळवत नाही, चॅनेल मात्र पळवतात.

नाही तर आपल्या गल्लीतली पोरं. नवरात्रात देवीच्या देवळापाशी जाऊन रील काढतात. पाठीमागं रेणुकामाता, पुढं ह्यांचे केस. गाणं कुठलं तर पंजाबी. असो, मला काय करायचंय.

मी कशी शोधते म्हणता? टाइप नाही करत मी. चष्मा शोधण्यातच निम्मा वेळ जातो. ते माइकचं चिन्ह असतं ना, ते दाबायचं आणि बोलायचं. 2017 पासून गुगलला मराठी बोललेलं लिहिता येतं, सूनबाईनं दाखवलं मला. आपलं नगरी बोलणं त्याला अर्धं कळतं, अर्धं ते मनानं ठोकून देतं. परवा “दाण्याचं कूट” म्हटलं तर त्यानं “दाण्याचा कोट” लिहिलं आणि खाली कोटांची दुकानं दाखवली. पण रेटून बोललं की ऐकतं.

आणि हे ध्यानात ठेवा, नुसतं “केडगाव” म्हणाल तर दौंडचं केडगाव पुढं येतं. त्यांच्याकडे रेल्वे स्टेशन आहे, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, त्यांचा मान मोठा. आपण “केडगाव देवी” म्हणायचं, मग आपलं येतं. जिल्ह्याचंही तसंच. नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झालं, पण जुनं काही हवं असेल तर अजून अहमदनगर म्हणूनच विचारावं लागतं. फोटो, सिनेमे, पुस्तकं सगळी जुन्या नावाखाली पडलीत.

असंच मी एका दुपारी विचारलं, अहमदनगरमध्ये कोण कोण जन्माला आलं? आणि वहिनी, जे निघालं ते ऐका.

शाहू मोडक आठवतात? जुन्या सिनेमातला कृष्ण. आमच्या सासूबाईंच्या पिढीला कृष्ण म्हटलं की तोच चेहरा डोळ्यांपुढं यायचा. प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’मधले ज्ञानेश्वरही तेच, 1940 चा सिनेमा. त्याच्या आदल्या वर्षी शांतारामबापूंचा ‘माणूस’, त्यात ते पोलीस झालेत, साधा हवालदार, आणि जीव जडतो तो कोठीवरच्या बाईवर. शांता हुबळीकर होत्या त्यात. काय काम केलंय दोघांनी! फोनवर फुकट बघायला मिळतो, मी भाजी निवडत निवडत बघितला. तर हे शाहू मोडक आपल्या नगरचे. आणि घरचे ख्रिस्ती! ख्रिस्ती घरातला पोरगा कृष्ण झाला, ज्ञानेश्वर झाला, आणि लोकांनी हात जोडले. कुणी विचारलं नाही, तू कुठल्या देवळात जातोस म्हणून. जन्म 1918 चा, एप्रिलातला.

थांबा, खरी गंमत पुढं आहे. त्याच 1918 च्या एप्रिलात, ह्याच नगरात आणखी एक पोरगं जन्माला आलं. एका गोऱ्या सोल्जराचं. स्पाइक मिलिगन नाव. पुढं विलायतेत जाऊन रेडिओवर असा काही वेडेपणा केला म्हणे, ‘द गून शो’ नावाचा, 1951 पासून 1960 पर्यंत चालला, की नंतरच्या सगळ्या इंग्रज विनोदवाल्यांनी त्यालाच गुरू मानलं. दोघांच्यात जेमतेम नऊ दिवसांचं अंतर. एक कृष्ण, एक विदूषक, आणि पाणी दोघांनी नगरचंच प्यायलेलं. नगरच्या पाण्याला नावं ठेवता ना तुम्ही, घ्या!

हा मिलिगन 2002 ला गेला. विंचेल्सी नावाच्या गावात कबर आहे. तिच्यावर काय कोरलंय माहितीय? “मी आजारी आहे असं तुम्हाला सांगितलं होतं ना!” खरंच हो! चर्चवाल्यांना ते इंग्रजीत नको होतं, म्हणून मग आयरिश भाषेत कोरलं. मला तर आधी तुमच्या घरचे भाऊजीच आठवले. रोज सकाळी गेटपाशी उभे, “आज काही बरं वाटत नाही,” आणि संध्याकाळी बायपासला जाऊन वडापाव. हसू नका एवढ्यानं, ऐकतील.

आता मूळ मुद्दा. गुरुवारी तुम्ही ओवी पाठवली होती, गुलाबाच्या फुलावर लिहिलेली. कुणाची हो ती? खाली नुसतं “सुप्रभात”. हेच मला पटत नाही. कोणी तरी बाई पहाटे उठून दळताना बोलली असेल, आणि आपण तिच्या बोलण्यावर गुलाब चिकटवून मोकळे. त्यापेक्षा ‘पारी’वर जा. पी. साईनाथांनी 2014 मध्ये सुरू केलेली ती वेबसाइट, खेड्यापाड्यातल्या लोकांची. तिथं जात्यावरच्या ओव्या आहेत, एक लाखाहून जास्त. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे यजमान गी पॉइटवँ, हे मूळचे फ्रान्सचे, या दोघांनी कितीतरी वर्षं हजारावर गावांतून गोळा केल्या. बर्नार बेल म्हणून आणखी एक फ्रेंच माणूस, त्यानं त्यांचं ध्वनिमुद्रण केलं आणि सगळ्या संगणकात नीट लावून दिल्या. 2017 पासून ‘पारी’वर येतायत. प्रत्येक ओवीला गाणारीचं नाव, गाव, तालुका. मुळशीतल्या कोळवड्याची बाई असेल तर तसं लिहिलेलं. माहेर, भाऊ, विठोबा तर आहेच, पण बाबासाहेबांवरच्या किती ओव्या आहेत बघा. ते गुलाबावर कुणी लिहीत नाही.

सासूबाईंना ऐकवलं. आमचं जातं मोरीपाशी पडलंय, त्याच्यावर बादली ठेवतो आम्ही. त्यांनी दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाल्या, “चाल बरोबर नाही हिची.” म्हटलं, मग तुम्ही म्हणा. मी फोन पुढं धरला. व्हिडिओ नाही, नुसता आवाज घेते म्हणून सांगितलं, तरी आधी कवळी लावली, पदर सारखा केला, मला पंखा बंद करायला लावला. आणि मग अर्धा तास थांबल्या नाहीत. नाव सांगा म्हटलं तर आधी माहेरचं सांगितलं, मग सासरचं, मग म्हणाल्या दोन्ही लिही. लिहिलं बाई.

त्यातल्या चार ओव्या सुनेवर आहेत. म्हणजे माझ्यावरच म्हणा ना. “जुन्या आहेत गं, तुझ्यावर नाहीत,” असं म्हणाल्या, पण दिवसा झोपणारी, फोन कानाला लावून भाजी करपवणारी, असली जुनी सून कुठं होती सांगा! त्या पुसल्या नाहीत मी. ठेवल्यात तशाच, नावगावासकट. फक्त फॅमिली ग्रुपवर टाकणार नाही, नणंदा टपलेल्याच आहेत.

तुम्हाला पाठवते आजच. म्हणजे पाठवणारच होते सकाळी, पण जातच नव्हतं. काय हो वहिनी, वायफायचा पासवर्ड बदललात का तुम्ही?